टस्कनींतील बिऱ्हाड आणि एका दिवसाच्या सहली

परदेशच्या प्रवासांत रोज नवें हॉटेल, रोज सामानाची बांधाबांध आणि रोज सकाळीं गाडी गांठण्याची धांदल यांना कंटाळलेलीं पुष्कळ कुटुंबें हल्लीं निराळा मार्ग पत्करतात. इटलीच्या टस्कनी प्रांतांत, सिएना शहराच्या आसपास, द्राक्षमळ्यांत व ऑलिव्हच्या बागांत उभें असलेलें एखादें जुनें दगडी घर तीं आठवड्याच्या बोलीनें भाड्यानें घेतात. तेथेंच चूल मांडतात आणि सकाळीं निघून संध्याकाळीं परततात. कल्पना उत्तम आहे. मात्र घर चांगलें मिळालें म्हणजे सहलीहि आपोआप चांगल्या होतात, असें समजणें चुकीचें होय. आठवड्याचे दिवस सात आणि पाहण्यासारखीं स्थळें सत्तर. यांतून काय गाळावयाचें हें ठरविणें, हीच सहलींची खरी आंखणी.

प्रथम हें घर तेथें कां उभें आहे तें ध्यानांत घ्यावें. टस्कनींतील शेती कित्येक शतकें अर्धेलीनें चालत असे. जमीन व घर मालकाचें, श्रम कुळाचे आणि पीक निम्मेंनिम, असा तो व्यवहार. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळें शहरांकडे व कारखान्यांकडे वळलीं. १९६४ च्या कायद्यानें असे नवे करार करण्यास बंदी झाली. ओस पडलेल्या घरांपैकीं पुष्कळ पुढें दुरुस्त होऊन पाहुण्यांसाठीं उघडलीं, आणि शेतावरील पाहुणचारासाठीं १९८५ सालीं स्वतंत्र कायदाहि झाला. तात्पर्य, हें घर शेताच्या सोयीनें बांधलेलें आहे, प्रवाशाच्या नव्हे. स्टेशन दूर, बस क्वचित् आणि दारापर्यंतचा रस्ता बहुधा पांढऱ्या खडीचा. मोटारीवांचून तेथें चालत नाहीं. म्हणून आपल्या परवान्याच्या जोडीला आंतरराष्ट्रीय परवाना घरून निघतांनाच काढून न्यावा, आणि तेथील वाहनें उजव्या बाजूनें चालतात हें विसरूं नये.

या टेकड्यांच्या मुलुखांत नकाशावरील अंतर फसवें असतें. एक गांव या टेकडीवर, दुसरें समोरच्या टेकडीवर, आणि मधली वाट वळणावळणाची. हमरस्ता सोडला कीं ताशीं ४० किलोमीटरांहून अधिक सरासरी धरूं नये. दुसरी अडचण घड्याळाची. लहान गांवांतील दुकानें व चर्चें दुपारीं दोन-तीन तास बंद असतात; म्हणून पाहावयाचें तें सकाळीं पाहावें आणि दुपार भोजनास व सावलीस द्यावी. तिसरी अडचण मोटारीचीच. कित्येक शहरांच्या जुन्या भागांत परवानगीवांचून मोटार नेण्यास मनाई असते. वेशीवरचा कॅमेरा गाडीचा क्रमांक टिपून घेतो आणि दंडाचें पत्र कांहीं महिन्यांनीं घरपोंच येतें. गाडी कोटाबाहेरच्या तळावर ठेवून पायीं आंत शिरावें, हेंच शहाणपणाचें.

एवढीं बंधनें ध्यानांत घेतलीं म्हणजे आठवड्याला आपोआप आकार येतो. घराचा ताबा बहुधा शनिवारीं दुपारीं मिळतो. रविवारीं खेड्यांतील पुष्कळ दुकानें उघडत नाहींत. तेव्हां दूध, भाजी, तांदूळ यांची खरेदी त्याच संध्याकाळीं उरकावी. रविवारीं जवळचेंच एखादें गांव पाहावें. सोमवारीं फ्लॉरेन्सला जाऊं नये, कारण तेथील प्रसिद्ध उफीझी चित्रसंग्रहालय त्या दिवशीं बंद असतें. तो दिवस पियेंझाला द्यावा. १४०५ मध्यें याच गांवीं जन्मलेल्या दुसऱ्या पायस पोपनें १४५९ पासून रोसेल्लीनो या स्थापत्यकाराकडून आपल्या जन्मग्रामाचें रूप पालटून घेतलें. चौक, चर्च, प्रासाद सारें हाकेच्या अंतरावर असल्यामुळें वृद्धांना तें गांव सोईचें पडतें. आठवड्याच्या मध्यावर फ्लॉरेन्स करावें. सिएनाहून तें सुमारें ७० किलोमीटर असून थेट बस मिळते; म्हणजे त्या दिवसापुरती मोटारीची चिंताच नको.

सिएनाला मात्र पुरा दिवस हवा. तेथील नगरभवनांत आम्ब्रोजो लोरेन्झेत्ती यानें १३३८-३९ मध्यें रंगविलेलीं भित्तिचित्रें आहेत. सुराज्याचें फळ दाखविणाऱ्या चित्रांत एका बाजूस नांदतें शहर आहे, दुसऱ्या बाजूस पिकलेलीं शेतें; मधल्या वेशींतून शेतकरी माल घेऊन आंत येत आहेत आणि नागरिक घोड्यांवरून बाहेर पडत आहेत. शेतांतल्या घरीं राहून रोज वेशींतून येजा करणाऱ्याला या चित्राचें मर्म लवकर कळेल.

काय गाळावयाचें, या प्रश्नावर कुटुंबांत वाद ठरलेलाच. तरुणांना सान जिमिन्यानोचे मनोरे, पिसाचा कलता मनोरा आणि समुद्र हीं तिन्ही एकाच दिवशीं हवीं असतात. आजीचे गुडघे दगडी चढणीवर कुरकुरूं लागतात. मुलांना घरच्या अंगणांतच खेळावयाचें असतें. यावर उपाय एकच. एका दिवशीं एकच मोठें स्थळ, वाटेंत फार तर एक लहान, आणि एक दिवस अगदीं मोकळा. घर भाड्यानें घेतलें आहे, तें केवळ रात्रीं निजण्यापुरतें नव्हे.

मराठी कुटुंबानें मात्र आणखी एक दिवस, कितीहि ओढाताण झाली तरी, राखून ठेवावा. सिएनाच्या पूर्वेस, शेजारच्या अंब्रिया प्रांतांत, टायबर नदीचें वरचें खोरें लागतें. प्राचीन रोमचा लेखक धाकटा प्लिनी याचा व्हिला याच खोऱ्यांत होता. येथेंच १० जुलै १९४४ रोजीं मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर यंत्रतोफेचा मारा झाला. नायकाखेरीज सारे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच धांवून गेले. बाँब फेंकून त्यांनीं तोफ बंद पाडली; बंदुकींतील गोळ्या संपल्यावर ती दांडक्यासारखी चालवून उरलेल्या शत्रूंना लोळविलें, आणि मग शत्रूच्या गोळ्या लागून ते पडले. माणगांव तालुक्यांतील पळसगांवचे हे वीर तेव्हां अवघे बावीस वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधि कोठेंहि नाहीं. नांव तेवढें दूर कॅसिनोच्या युद्धस्मारकावर कोरलेलें आहे. या खोऱ्यांतील मोंतोने गांवानें २०२३ च्या जुलैमध्यें त्यांच्या नांवाचें सूर्यघटिकेचें स्मारक उभारलें. आपण सारे एकाच सूर्याखालीं आहोंत, हें त्याचें ब्रीद.

सिएनाहून तेथें जाऊन येण्यास जवळजवळ सारा दिवस लागतो. त्यापायीं एखादें नामांकित शहर यादींतून गळेल. तें खुशाल गळूं द्यावें. पिसाचा मनोरा पाहणारे पुष्कळ आहेत. मोंतोनेच्या स्मारकापाशीं पळसगांवचें नांव मराठींत उच्चारणारे थोडे. त्या संध्याकाळीं परतून अंगणांत बसलेल्या कुटुंबाला समोरचीं शेतें परकीं वाटणार नाहींत.