नकाशातील डोंगर आणि उजेडाची दिशा
(शाळेच्या भूगोल मंडळापुढे दिलेले भाषण)



समोच्चता रेषा पाहून डोंगर डोळ्यांपुढे उभा राहत नाही, ही तुमची नेहमीची तक्रार. त्यावर उपाय म्हणजे छायांकित उठावाचा नकाशा. पूर्वी नकाशाकार तो हाताने रंगवीत. आज संगणक गणिताने करतो.

फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने 11 दिवसांत रडारच्या साहाय्याने पृथ्वीवरील बहुतेक जमिनीची उंची मोजली. ती माहिती आज विनामूल्य मिळते. जमिनीवर सुमारे 30 मीटरच्या चौकटी आखून प्रत्येकीत उंचीचा आकडा लिहिला आहे, असे समजा. क्यूजीआयएस ही मोफत संगणकप्रणाली शेजारच्या आठ चौकटी पाहून उताराची तीव्रता व दिशा काढते. उजेड तेथे किती तिरपा पडेल हे ठरवून 0 म्हणजे काळा ते 255 म्हणजे पांढरा, असा अंक देते. मात्र अंतर व उंची दोन्ही मीटरमध्ये हवीत.

गेल्या वर्षी मी वर्गात आपल्या परिसराचा असा नकाशा केला. हिवाळ्यात सकाळी सूर्य आग्नेयेकडे असतो, म्हणून उजेड तिकडून दिला. तेव्हा लेंडीकाठच्या शेतातून येणारी एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आपली लेंडी टेकडीवरून वाहते का?" वर्ग हसला. "संगणक चुकत नाही," असे म्हणून मी तिला खाली बसवले.

घरी पाहतो तो खरेच, नदीचे खोरे उंच बांधासारखे दिसत होते! गणित बरोबर होते. पण आपली नजर उजेड कागदाच्या वरच्या बाजूने येतो असे गृहीत धरते. म्हणून नकाशाकार उजेड वायव्येकडून, 315 अंशांवर, 45 अंश उंचीवरून देतात. देगलूरच्या आकाशात सूर्य त्या जागी कधीच येत नाही, तरीही! दिशा बदलताच लेंडी खोऱ्यात उतरली. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मी त्या मुलीची माफी मागितली.

मित्रहो, हा नकाशा म्हणजे छायाचित्र नव्हे. रडारने झाडांचे शेंडेही मोजले आहेत, आणि 10 मीटरचा नाला 30 मीटरच्या चौकटीत हरवतो. बंधाऱ्याची जागा निवडताना नकाशा अवश्य पाहा. पण नंतर शिवारात पायी जा, आणि जो रोज त्या वाटेने येतो त्याला विचारा.