उसनें मूत्रपिंड आणि मेंदूज्वर

मुलचेऱ्याच्या भातखाचरांत पाणी सांचलें कीं क्युलेक्स जातीचे डांस माजतात. डुकरें व बगळे यांच्या रक्तांतील जपानी मेंदूज्वराचा विषाणु तेच माणसांत आणतात. बहुतेकांच्या अंगीं तो नकळत जिरतो. दुसऱ्याचें मूत्रपिंड बसविलेल्या रोग्याची गोष्ट निराळी. परका अवयव शरीरानें झिडकारूं नये म्हणून त्याचे पहारेकरी औषधांनीं जन्मभर गुंगींत ठेवलेले असतात. डांसाला हें कोठून ठाऊक असणार! २०१७ सालीं हाँगकाँगांत फुप्फुस बदललेल्या एका रोग्यास हा ज्वर दान केलेल्या रक्तांतून जडला. अशा रोग्यांत प्रतिपिंडांची परीक्षाहि फसूं शकते; मेरुजलांत विषाणूच शोधावा लागतो. जिवंत विषाणूची लस त्यांस वर्ज्य. तेव्हां सांजवेळेपासून मच्छरदाणी. आणि तापाबरोबर डोकें दुखूं लागलें अथवा भ्रम झाला, तर औषधें आपल्या मनानें न थांबवितां त्याच दिवशीं नागपूर गांठावें.