चिठ्ठी मिळाली, पुढे काय?



आज बोलायचं आहे ते अशा मुलांविषयी, ज्यांचा दवाखाना एका फेरीत संपत नाही. जन्मतःच पाय आत वळलेलं बाळ, मान न धरणारं बाळ, फिट येणारं, हृदयाला छिद्र असलेलं, रक्ताचा आजार असलेलं. साधा ताप असेल तर डॉक्टर तीन दिवसांचं औषध देतात आणि विषय मिटतो. या मुलांचा विषय वर्षानुवर्षं चालतो. त्यामुळे त्यांना चांगले उपचार मिळाले की नाही, हे पहिल्या तपासणीवरून ठरत नाही. दुसरी, पाचवी, दहावी फेरी झाली का, ते बघायला हवं.

पहिली तपासणी आता बरीच जवळ आली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, तोही आपल्या महाराष्ट्रात, पालघरला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासतात. दोष दिसला की चिठ्ठी देऊन मोठ्या रुग्णालयात पाठवतात. कार्यक्रमात बसणाऱ्या आजारांचे उपचार, शस्त्रक्रियासुद्धा, मोफत असतात.

चिठ्ठी हातात पडली, की खरी परीक्षा सुरू होते. निडीला रेल्वे आहे, पण आपलं जिल्हा रुग्णालय अलिबागला, आणि तिथे प्रवासी गाडी जात नाही. म्हणजे नागोठणे-वडखळ करत किंवा रोह्यावरून रस्त्याने जायचं. एक दिवस मोडला की मजुरी बुडाली. दुसरं मूल शेजारणीकडे. त्यात घरातलं कुणीतरी म्हणतंच, “मोठं झालं की चालेल आपोआप,” नाहीतर “ग्रहणात विळी धरलीस म्हणून असं झालं.” ग्रहणाने ओठ फाटत नाही, पाय वळत नाही. हे एकदा घरात ठणकावून सांगा, कारण त्या बोलण्याने आईचा धीर सुटतो आणि फेरी चुकते.

फेरी चुकली तर काय होतं, ते वाकड्या पायावरून सांगते. डॉक्टर त्याला क्लबफूट म्हणतात. पोन्सेटी नावाच्या डॉक्टरांनी अमेरिकेत शोधलेली पद्धत आता आपल्याकडेही वापरतात. दर आठवड्याला पाय थोडा थोडा सरळ करत प्लास्टर घालायचं, साधारण पाच-सहा वेळा. बहुतेक बाळांच्या टाचेमागच्या शिरेला छोटासा छेद देतात, मग शेवटचं प्लास्टर तीन आठवडे. पाय सरळ दिसतो, घरात पेढे वाटले जातात. आणि इथेच घात होतो. त्यापुढे दोन बुटांमध्ये पट्टी असलेले खास बूट घालायचे असतात, आधी तीन महिने दिवसाचे तेवीस तास, मग झोपेत, चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. बाळ पहिल्या काही रात्री रडतं. आजीला बघवत नाही, बूट माळ्यावर जातात आणि पाय पुन्हा वळू लागतो. प्लास्टर सरकारने घातलं, बूट रोज रात्री आपल्यालाच घालायचे आहेत. पायाला फोड आला, बूट लहान झाला, तर बूट काढून ठेवून गप्प बसू नका, लगेच दाखवा.

सेरेब्रल पाल्सीच्या बाळाचंही तसंच. चार महिने झाले तरी मान धरत नाही, मुठी घट्ट मिटलेल्या, नऊ महिन्यांनी आधाराशिवाय बसत नाही, असं दिसलं तर “उशिरा शिकेल” म्हणून थांबायचं नाही. अशा मुलाला आडवं टाकून बोंडल्याने दूध ओतू नका. ते श्वासनलिकेत जातं आणि पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो. डोकं वर, मान किंचित पुढे, थोडं थोडं भरवा. ताठ हातपाय तेल लावताना ओढू नका. व्यायाम शिकवणाऱ्यांना सांगा, “आधी तुम्ही करून दाखवा, मग मी करते, तुम्ही बघा.” त्यांनी नुसता कागद दिला तर तो पुरेसा नाही, हे म्हणायला लाजायचं कशाला?

आता एक वही. जाड पुठ्ठ्याची, फक्त त्या मुलाची. पहिल्या पानावर आजाराचं नाव, चालू औषधं आणि डॉक्टरने कळायलाच हवी अशी गोष्ट. हिमोफिलिया असलेल्या मुलाला साधं दंडातलं इंजेक्शनही रक्तस्राव घडवू शकतं. रात्री वेगळ्याच दवाखान्यात नेलं तर ते पान बोलतं. पुढे प्रत्येक भेटीची तारीख आणि वजन. वजन का? मुलांच्या औषधाचं प्रमाण वजनावर ठरतं. मूल वाढलं आणि फिटचं औषध तेवढंच राहिलं, तर ते कमी पडू शकतं. आणि ते औषध आपल्या मनाने कधीच बंद करू नका, फिट थांबल्या असल्या तरी.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकार आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेलही त्यात येतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. प्रमाणपत्र काढा. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक किंवा बहुदिव्यांगत्व असेल तर ‘निरामय’ विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च मिळू शकतो, व्यायामोपचारासकट.

पण सगळा भार आईवर टाकून मोकळं होणं मला पटत नाही. किती मुलं तपासली, हा आकडा मिरवला जातो. किती मुलं दहाव्या फेरीपर्यंत टिकली, तो आकडा कोण विचारतं? तो आपण विचारू. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असं कायद्यातच आहे. तिथे मांडा: पथकाने गावातल्या किती मुलांना चिठ्ठी दिली, त्यातली किती पोहोचली, आणि व्यायामोपचार पेण किंवा रोह्याच्या रुग्णालयात ठरलेल्या वारी मिळतील का.

मुंबईतलं उदाहरण आहे. मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था उभी केली. मिठू अलूर यांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी. त्यांनी १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी काढली. दोघींकडे शिक्षण होतं, ओळखी होत्या, हे खरं. आपल्याकडे बचत गट आहे. गावात अशी तीन मुलं असतील तर तिघींनी अलिबागची तारीख एकच मागून घ्या आणि एकीने मागे राहून तिघींची दुसरी मुलं सांभाळा. पुढच्या खेपेला पाळी बदला.

तुमच्या वहीतलं पहिलं पान कसं लिहायचं, ते आशाताईंना विचारा.