राखीव जागा, जागा मतदार

बुलडाणा लोकसभा मतदारसंघाच्या निवडणुकांचा इतिहास सांगा, असं आकाशवाणीनं सुचवलं. या इतिहासाबद्दल पिंपळगाव राजाच्या पारापासून खामगावच्या बाजारापर्यंत एक समज घट्ट आहे: जागा राखीव होती तेव्हा आपल्या मताला किंमत नव्हती. हा समज निकालांवर घासून पाहू. १९५७ ते १९७१ जागा खुली होती. चारही वेळा काँग्रेस जिंकली. तीनदा शिवराम राणे, एकदा यादव महाजन. १९७७ला जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली आणि रिपब्लिकन खोब्रागडे गटाचे दौलत गवई निवडून आले. १९८०ला काँग्रेसचे बाळकृष्ण वासनिक, १९८४ला त्यांचे चिरंजीव मुकुल, १९८९ला भाजपचे सुखदेव काळे, १९९१ला पुन्हा मुकुल वासनिक, १९९६ला शिवसेनेचे आनंदराव अडसूळ, १९९८ला परत वासनिक, १९९९ आणि २००४ला परत अडसूळ. मोजा बरं. नऊ निवडणुका, त्यांत सहा वेळा पक्ष पालटला. पुन्हा सांगतो, सहा वेळा! २००९ला जागा खुली झाली, आणि तेव्हापासून चारही वेळा प्रतापराव जाधवच. म्हणजे मतदार सर्वांत जागा राहिला तो राखीव काळातच.

कुणी म्हणेल, ही देशातल्या लाटांची करामत. १९८० आणि १९८४पुरतं ते मान्य. पण १९९८ला दिल्लीत वाजपेयींचं सरकार आलं, इथून काँग्रेस गेली; २००४ला मनमोहन सिंगांचं आलं, इथून शिवसेना गेली. ही कुठली लाट? दुसरा आक्षेप, उमेदवार बाहेरचे असत. असतील, पण निवडायचं की नाही हे इथलेच लोक ठरवत होते. मुकुल वासनिक इथून तीनदा जिंकले, पण सलग दोनदा एकदाही नाही. मताला किंमत नसती तर हे घडलं असतं का? राखीव जागेत उमेदवारी ठरावीक समाजांपुरती असते, मतदान सगळ्यांचं असतं. एवढा साधा फरक आपण विसरतो, आणि जातींची बेरीज मात्र बोटांवर तोंडपाठ असते. हे बरं नव्हे. मुलांना निदान आपल्या खासदारांची नावं तरी क्रमानं सांगा.