घरांच्या पदव्या : सोने, प्लॅटिनम आणि तारे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकी एकीने उभे राहून चार शब्द बोलावयाचे, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. लोणची, बाळंतिणीचा आहार, बचत खाते हे विषय होऊन गेले. यंदा पाळी माझी आली. माझे शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा विद्वत्तेचा आव मी आणीत नाही. पण घर हा तर आपला विषय आहे ना? हल्ली घरांनाही पदव्या मिळू लागल्या आहेत. त्या पदव्यांच्या नावांविषयी मी बोलणार आहे. माझा धाकटा मुलगा एका आर्किटेक्टच्या कचेरीत नकाशे काढतो. त्याच्याकडून विचारून विचारून मी हे समजून घेतले.

आपली मुले महाड-पोलादपूर सोडून पनवेलला, खारघरला, पुण्याला जागा घेतात. त्या जागांची गुळगुळीत माहितीपत्रके आपल्या घरी येतात. त्यांवर हिरवे पान असते आणि खाली लिहिलेले असते, ‘ग्रीन बिल्डिंग, गोल्ड’. हरित इमारत म्हणजे वीज-पाणी कमी खाणारी, पावसाचे पाणी जिरवणारी किंवा साठवणारी, सांडपाणी पुन्हा वापरणारी, उजेड-वारा खेळता असणारी इमारत. बाहेरची एखादी संस्था हे सारे तपासून गुण देते. गुणांच्या बेरजेवरून पायरी ठरते आणि पायरीला नाव मिळते. गोम आहे ती या नावातच.

आपल्या देशात दोन तऱ्हेची नावे जास्त ऐकू येतात. एक धातूंची, दुसरी ताऱ्यांची.

धातूंची तऱ्हा अमेरिकेतून आली. तिकडे १९९३ साली हरित इमारतींची एक परिषद स्थापन झाली. तिच्या पद्धतीला ‘लीड’ म्हणतात. सुरुवातीच्या प्रयोगात तिच्या चार पायऱ्या होत्या : कांसे, रुपे, सोने आणि सर्वांत वर प्लॅटिनम. पुढे २००० सालच्या आवृत्तीत कांसे काढून टाकले आणि खालच्या पायरीला नुसते ‘प्रमाणित’ म्हणू लागले. का काढले ते मला ठाऊक नाही, पण कांसे कमी दर्जाचे हे काही माझ्या मनाला पटत नाही. आपल्याकडे अंगात उष्णता झाली की तळपायाला तूप लावून काशाची वाटीच घासतात. चांदीची वाटी कोणी घासल्याचे ऐकले आहे का? आणि माझ्या माहेरच्या गावाच्या नावात पोलाद आहे, त्या बिचाऱ्याला तर या यादीत जागाच नाही!

आता मुख्य गोष्ट ऐका. आपण बायका ‘सोने’ हा शब्द ऐकला की याच्या वर काही नाही असे समजतो. शंभर नंबरी म्हणजे सोने, कसोटीला लावायचे ते सोने. या यादीत मात्र सोने दुसरे आहे. ऑलिंपिकच्या खेळांत सोने पहिले, रुपे दुसरे, कांसे तिसरे हा क्रम १९०४ पासून चालत आला. पुढे सोन्याच्याही वर काहीतरी हवे असे लोकांना वाटू लागले. अमेरिकेत गाण्याच्या तबकड्यांच्या खपासाठी १९५८ साली सोन्याचा मान सुरू झाला आणि १९७६ साली त्याच्या डोक्यावर प्लॅटिनम येऊन बसले. घरांना पदव्या मिळू लागल्या तोवर ही चढण लोकांच्या अंगवळणी पडली होती.

‘लीड’चे सध्याचे एकंदर गुण ११०. त्यांत ४० ला प्रमाणित, ५० ला रुपे, ६० ला सोने आणि ८० ला प्लॅटिनम. पूर्वी एकंदर ६९ गुण असत आणि प्लॅटिनम ५२ पासून लागे. अगदी बावनकशी म्हणा ना! हैदराबादच्या ग्रीन बिझनेस सेंटरला २००३ साली त्या पद्धतीत ५६ गुण पडले आणि अमेरिकेबाहेर प्लॅटिनम मिळविणारी ती पहिली इमारत ठरली. आपल्या देशातली इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल २००१ साली निघाली. तिनेही धातूंचीच नावे ठेवली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला २०२१ साली तिच्याकडून ‘सुवर्ण’ मिळाले. आपण गाडीतून उतरतो ते स्टेशन असे सोन्याचे आहे, हे हमालांना तरी माहीत असेल का कोण जाणे.

दुसरी तऱ्हा ताऱ्यांची. तिचे नाव मला फार आवडले. ‘गृह’. इंग्रजी अक्षरे जुळवून केलेले असले तरी शब्द आपलाच आहे. दिल्लीची टेरी ही संस्था आणि केंद्र सरकारचे अपारंपरिक ऊर्जेचे खाते यांनी मिळून २००७ साली ही पद्धत चालू केली. एकापासून पाचापर्यंत तारे. शिवाय लहान इमारतींसाठी, म्हणजे २५०० चौरस मीटरांपेक्षा कमी बांधकामासाठी, तिची धाकटी बहीण आहे, तिचे नाव ‘स्वगृह’. तारे आपल्याला फ्रिजवरून ओळखीचे झालेले आहेत. पाच तारे चारांहून बरे, हे निरक्षर बाईलाही बोटावर मोजता येते. प्लॅटिनम वर की सोने वर, हे मात्र कोणी सांगितल्यावाचून कळत नाही. म्हणून माझे मत ताऱ्यांच्या बाजूचे आहे. फक्त एकूण किती पैकी तेवढे विचारावे, कारण ऑस्ट्रेलियात सहा तारे असतात. आणि एक तारा पाहून फार हुरळू नये. ‘गृह’च्या २०१५ सालच्या आवृत्तीत एक तारा २५ गुणांना मिळतो. आपल्या शाळेत तेवढ्यावर कोणी वरच्या वर्गात घालीत नसे.

विलायतेत शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखे शेरे देतात. उत्तीर्ण, चांगले, फार चांगले, उत्तम. ती पद्धत १९९० सालची. २००८ साली ‘उत्तम’च्याही वर आणखी एक शेरा घालावा लागला. जर्मनीत तर गंमतच झाली. नव्या इमारतींना तिथे कांसे, रुपे, सोने मिळत असे. २०१५ साली वर प्लॅटिनम आणले, खालचे कांसे काढले आणि प्रत्येक पायरी एकेक नाव वर सरकली. गुण तेवढेच, पण काल ज्याला रुपे म्हणत त्याला आज सोने म्हणू लागले. तेव्हा नावाबरोबर साल आणि गुणही विचारलेले बरे.

हे सारे मी का विचारीत बसले, ते सांगते. माझ्या जाऊबाईंचा मुलगा आणि सून यांनी एक जागा पाहिली. पत्रकावर ‘गोल्ड’ होते आणि त्या नावाखातर दर चौरस फुटामागे शेजारच्या इमारतीपेक्षा चढा होता. पहिल्या हप्त्यासाठी सूनबाई स्वतःच्या पाटल्या मोडायला निघाली. जाऊबाई म्हणाल्या, “सोने देऊन सोनेच घेते आहे, काय बिघडले?” मी म्हटले, “अहो, सोनार पावती देतो. यांची पावती कुठे आहे?” मुलाने कागद मागितला. दोन आठवड्यांनी आला. त्यावर फक्त नोंदणी झाल्याचे लिहिलेले होते.

भगिनींनो, यात तीन गोष्टी वेगळ्या आहेत. नोंदणी म्हणजे परीक्षेचा अर्ज भरणे. नकाशावरून आधी एक तात्पुरते प्रमाणपत्र मिळते, ती झाली चाचणी परीक्षा. बांधून झाल्यावर तपासणी होऊन जे मिळते तो खरा निकाल. अर्ज भरणाऱ्या मुलाला कोणी पहिल्या वर्गात पास म्हणत नाही. मुलाने विकणाऱ्यास कळविले की निकाल दाखवा, नाहीतर दर शेजारच्याइतका करा. अजून उत्तर आलेले नाही. पाटल्या सूनबाईच्या हातात आहेत.

खरोखर प्रमाणपत्र असेल तर त्याचा उपयोग नाही असे मी म्हणत नाही. पिंपरी-चिंचवड महापालिकेने ‘गृह’च्या ताऱ्यांवर घरपट्टीत सवलत ठेविली. हडपसरच्या ‘वन अर्थ’ या कचेरीला प्लॅटिनमही मिळाले आणि पाच तारेही. अशी कामे होतात. पण नाव म्हणजे बेरीज आहे, आणि बेरजेत कशाचे किती ते दिसत नाही. एकीला विजेचे गुण पडले असतील, दुसरीला पाण्याचे. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवर पावसाळ्यात डोंगर कोसळेल इतके पाणी आणि वैशाखात टँकरची वाट. तिकडच्या बाईने धातू पाहू नये, पाण्याचे गुण पाहावेत. गुणांचा तक्ता असतोच, तो मागून घ्यावा.

आणि एक गोष्ट महाडकरांनी तरी विसरू नये. २४ ऑगस्ट २०२० ला काजळपुऱ्यातली पाच मजली इमारत कोसळली, सोळा माणसे गेली. पुढच्या जुलैत सावित्री-गांधारीचे पाणी आपल्या माळ्यापर्यंत चढले. इमारत किती भक्कम आहे, पूररेषेच्या आत आहे की बाहेर, हे सोने-रुपे किंवा तारे पाहून कळत नाही. ती चौकशी निराळी, इंजिनियरकडे आणि नगरपालिकेत करावयाची. हिरवे पान पाहून तिची सुट्टी होत नाही.

ज्यांच्या घरी अशी पत्रके आली असतील त्यांनी येत्या मंगळवारच्या बैठकीला ती घेऊन यावे. चष्मे आणावेत, कारण तारखा आणि ‘नोंदणी’ हा शब्द फार बारीक अक्षरांत छापलेला असतो. आपण एकत्र बसून वाचू.