कातडीला कोण कळवते?



कातडीवर बोलायला कामगार चळवळीतला माणूस कशाला, असे काहींना वाटेल. शास्त्र मी शाळेत शिकलो नाही. जे वाचले ते पन्नाशीच्या सुमारास, आणि तेही गवंड्यांच्या हातांमुळे. कालवलेल्या सिमेंटने हात फाटलेली माणसे घेऊन मी एका ठेकेदाराकडे गेलो होतो. "हात धूत नाहीत, खरूज झाली," असे उत्तर मिळाले. ते खोडून काढण्याइतके ज्ञान तेव्हा मजजवळ नव्हते.

तळहात-तळपाय सोडले, तर कातडीचा सर्वांत वरचा थर केसाहूनही पातळ असतो. त्यातल्या मेलेल्या, चपट्या पेशी म्हणजे विटा आणि मधले स्निग्ध द्रव्य म्हणजे चुना. गवंड्याला ही रचना समजावून सांगावी लागत नाही! पण ही भिंत फुटली, हे खालच्या जिवंत पेशींना कळवतो कोण?

निरोप्या आहे कॅल्शियम. जिवंत थरांत ते वरच्या बाजूला दाट असते, खाली विरळ. भिंत फुटली की आतले पाणी झिरपू लागते आणि वरचे कॅल्शियमही त्याबरोबर जाते. ते घटले, हाच निरोप. तो मिळताच वरच्या पेशी साठवलेल्या स्निग्ध द्रव्याच्या पुड्या अर्ध्या तासाच्या आत बाहेर टाकतात आणि नवे द्रव्य करायला घेतात.

अमेरिकेत पीटर इलायस, केनेथ फाइनगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर याचे प्रयोग केले. कातडीवरचे स्निग्ध द्रव्य ॲसिटोनने काढले आणि लगेच वर वाफ कोंडणारे रबरी आवरण चढवले, तर दुरुस्ती होईना. गळती थांबली, म्हणून तक्रार थांबली. भिंत फुटकी ती फुटकीच. हा प्रकार आम्हा युनियनवाल्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे, पण तो आजचा विषय नव्हे.

आता गवंड्याचा हात पाहा. निरोगी कातडी किंचित आंबट असते, तिचा सामू ५ च्या आसपास. चुना घडवणारी विकरे त्या आंबटपणातच नीट चालतात. ओल्या सिमेंटचा सामू १२ च्या वर! म्हणजे निरोप पोचतो, पण कारागिरांचे हात बांधलेले. त्यातून दुरुस्तीला दिवस लागतात, आणि हा माणूस दुसऱ्या सकाळी पुन्हा त्याच मालात हात घालतो. मग फटींतून सिमेंटमधले विरघळणारे क्रोमियम आत शिरते. शरीराच्या रक्षक पेशींनी त्याला एकदा शत्रू ठरवले, की पुढे थोडासा स्पर्शही पुरतो. पुष्कळांना हे दुखणे जन्मभर पुरते. याला खरूज म्हणत नाहीत.

यावर उपाय आहे, आणि तो महागडा नाही. सिमेंटमध्ये हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मिसळले की ते क्रोमियम बरेचसे निरुपद्रवी होते. डेन्मार्कने १९८३ मध्ये तसा कायदा केला. २००५ पासून युरोपीय संघात अशा क्रोमियमला दहा लाख भागांत दोन भागांची मर्यादा आहे.

त्या ठेकेदाराकडे मी पुन्हा गेलो, तो एवढे वाचून. मागितले ते इतकेच : स्वच्छ पाण्याचा नळ, सुती अस्तराचे हातमोजे, आणि हात फाटलेल्याला हात भरून येईपर्यंत कोरडे काम. नळ आठवड्यात आला. हातमोजे भांडून मिळाले. कोरड्या कामाचे बोलणे अजून चालू आहे.