पैसे बाबाचे, रात्री आईकडे; मग क्रेडिट कुणाचं?

आजचा विषय अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांचा, आणि जरा नाजूक. घटस्फोट झालाय. मूल एक आठवडा आईकडे, एक आठवडा बाबाकडे. डे-केअरचं बिल बाबा भरतो. मग त्या खर्चावरचं टॅक्स क्रेडिट कुणाला?

मी न्यू जर्सीत लोकांचे टॅक्स रिटर्न भरते. फेब्रुवारी आला की हा प्रश्न ठरलेला. "ताई, पैसे मी भरलेत, पावत्या माझ्या नावावर आहेत!" खरंय रे. पण आयआरएस आधी पावत्या नाही, रात्री मोजते. वर्षात मूल ज्याच्याकडे जास्त रात्री राहिलं, तो 'कस्टोडियल पॅरेंट'. ३६५ रात्रींची कितीही समान वाटणी करा, एकाकडे १८३ येणार, दुसऱ्याकडे १८२. त्या एका रात्रीवर सगळं ठरतं. लीप वर्षात १८३-१८३ झालं, तर ज्याचं ॲडजस्टेड ग्रॉस इन्कम जास्त, तो कस्टोडियल.

आता खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, डोकेदुखीच. चाइल्ड केअर क्रेडिट फक्त कस्टोडियल पॅरेंटला, आणि तेही त्याने स्वतः भरलेल्या पैशांवर. म्हणजे रात्री आईकडे जास्त आणि बिल थेट बाबाने भरलं, तर त्या पैशांवर दोघांनाही काही नाही! १३ वर्षांखालच्या एका मुलाचा ३,००० डॉलरपर्यंतचा खर्च धरतात. चांगला पगार असेल तर त्याचे २० टक्के, म्हणजे ६०० डॉलर. दरवर्षी हातचे जातात.

"पण फॉर्म ८३३२ वर तिची सही घेतलीय ना!" हेही ऐकते. त्या फॉर्मने चाइल्ड टॅक्स क्रेडिट मिळतं, २०२५ सालासाठी २,२०० डॉलरपर्यंत. डे-केअरचं क्रेडिट त्याने सरकत नाही. ऑफिसमधल्या डिपेंडंट केअर एफएसएलाही हाच रात्रींचा नियम. कंपनीचा एचआर तुमच्या घरच्या रात्री विचारत नाही, पैसे मुकाट कापून घेतो. तेव्हा नाव नोंदवण्याआधीच बघा.

मूल उन्हाळ्यात महिनाभर पुण्याला आजीकडे गेलं तर? वेळापत्रकाप्रमाणे त्या रात्री ज्याच्याकडे असायला हवं होतं, त्याच्या खात्यात त्या रात्री. आणि तुम्ही नाइट शिफ्टला असाल, समजा नर्स आहात, तर रात्रींऐवजी दिवस मोजतात.

माझं मत विचाराल तर करारातच लिहून घ्या: ज्याच्याकडे रात्री जास्त, डे-केअर त्याने भरायचं. दुसऱ्याने दातांचा डॉक्टर, पियानो क्लास, इन्शुरन्स असलं काही उचलायचं. खर्च दोघांचा तेवढाच, पण ६०० डॉलर घरात राहतात. वकील हे आपणहून सुचवेलच असं नाही, तुम्ही विचारा. आणि फोनमध्ये शेअर्ड कॅलेंडर ठेवा, रोज एक खूण: आज कुणाकडे. डिसेंबरमध्ये आठवून भरायला बसलात की नवं भांडण.